तिसरा घटक

बावीस प्रश्न, चारशे बारा माणसं
आणि एकच वस्तू: राय धान्याचा काळा पाव.
तार्तूच्या कचेरीत दुपारी तीनलाच दिवे लागलेत,
खिडकीखाली नदी गोठून
न भरलेल्या रकान्यासारखी पडलीय.

बेकरीवाल्यांना एवढंच हवंय:
फळीवरचा पाव उचलताना
हात नेमका कशाने पुढे होतो?

मी आकडे यंत्रात ओतते. अक्ष फिरवते.
उत्तरं आपसूक सरकू लागतात
लग्नाच्या मांडवात पाहुणे सरकतात तशी,
ओळखीचे ओळखीच्यांपाशी.
मऊपणा, वास, पाकिटावरची तारीख:
पहिला घटक. ताजेपणा म्हणू, झालं.
किंमत, सूट, लादीचं वजन:
दुसरा. त्याचंही बारसं सोपं.

मग तिसरा.
आयगेन मूल्य एक पूर्णांक शून्य चार,
उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभा,
आत घ्या म्हणत नाही, जातही नाही.
त्याच्याभोवती तीनच प्रश्न जमलेत:
पाव पालथा करून बोटांनी ठोकून बघता का?
शिळा तुकडा टाकताना हात अडतो का?
खाली पडलेला पाव उचलून
ओठांना लावता का?

हा शेवटचा आमच्या यादीत नव्हताच.
हेल्वेने घालायला लावला, चाचणी फेरीनंतर,
वोरूच्या बर्फातून दारोदार फिरून
बूट हीटरवर वाळत घालता घालता:
"असू दे गं एक. कुठे जागा खातोय?"

उर्मास म्हणतो, याला नाव काय देणार?
नाव नसलेलं विकता येत नाही. दोनच ठेव.

त्याला खरं तर दुसरंच हवंय.
नार्वासाठी वेगळं पाकीट, रशियन अक्षरं, वेगळा लाल,
पैसे मंजूर,
आता फक्त आकड्यांनी मान डोलवायची बाकी.
तिथली माणसं निराळी, हे त्याला
प्रश्नावली छापण्याआधीच ठाऊक होतं.

म्हणून तिसऱ्याच घटकाचे गुण घेऊन
तिन्ही गावं समोरासमोर बसवली,
प्रचरणाच्या वाटण्या केल्या:
इतकं गावागावांमधलं,
इतकं गावाच्या पोटातलं.
वरच्याला खालच्याने भागायचं, शाळकरी भागाकार.
एफ एक पूर्णांक सतरा.
पी शून्य पूर्णांक एकतीस.

फरक नाही.
नाही, असं म्हणू नये.
फरक सापडला नाही, एवढंच म्हणावं.
पण भाजकातला तो डोंगर तर बघा!
एकाच जिन्यावरची दोन दारं
दोन देशांइतकी लांब:
नार्वात झिनाईदा पाचपैकी पाच,
तिच्या भिंतीपलीकडचा वेल्डर एक.
वोरूत एकाच टेबलावर जेवणारे सख्खे भाऊ,
पाच आणि दोन.
शितावरून भाताची परीक्षा, कबूल,
पण इथे शितंच एकमेकांना ओळख देत नाहीत.

"नमुना वाढव," उर्मास म्हणाला.
मग, "टोकाचे गाळून बघ."
गाळून बघितले. पी आणखी वाढला.

गाळलेल्यांत दोनशे बारा क्रमांक होता, नार्वाचाच.
सगळीकडे चार, चार, चार,
शेवटच्या प्रश्नाला पाच,
आणि शेजारी पेन्सिलीने, तिरकं:
हे तुम्हाला कुणी सांगितलं?
समासातल्या शेऱ्याला आमच्याकडे सांकेतांक नाही.

सहाला हेल्वेचा फोन. निष्कर्ष नाही विचारला,
नार्वाच्या बसचं भाडं कधी मिळेल, विचारलं.
मीच म्हटलं, त्या तिसऱ्याला नाव सुचव ना.
"नाव मला काय माहीत," ती म्हणाली,
"तो प्रश्न विचारला की लोक आधी हसायचे,
काही नुसतेच बघायचे,
आणि मग दाराची साखळी काढायचे."

आठला अहवाल गेला. दोन घटकांना नावं,
तिसऱ्याच्या जागी नुसतं घ-३.
उर्मासने त्यावर आडवी रेघ मारून परत पाठवला.
खाली, त्याच शाईत,
बसभाडं: मंजूर.